प्लाझ्मा वेलँडवर नेताय? या चुका टाळा

गेल्या दोनेक वर्षांत सांगली-मिरज भागात मी केडीई प्लाझ्मा (लिनक्सवरचा एक डेस्कटॉप) चालवणारी बरीच मशीन एक्स११ वरून वेलँडवर नेली. पडद्यावर विंडो दाखवायच्या या दोन पद्धती, एक जुनी, एक नवी. त्यात छापखाने होते, अडत दुकानं होती, एक-दोन क्लास आणि घरचे लॅपटॉप होते. फोन करणारी माणसं वेगळी असतात, चुका मात्र त्याच त्या. त्यातल्या दोन चुकांनी माझे इतके रविवार खाल्लेत की त्यांच्यावर सविस्तरच लिहितो. बाकीच्या थोडक्यात.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुका ती न समजल्यामुळं होतात. एक्स११ हे सप्टेंबर १९८७ मधलं. त्यात पडद्यावर चित्र काढणारा एक्स सर्व्हर वेगळा, विंडो सांभाळणारा वेगळा, आणि कुठलाही प्रोग्राम एक्स सर्व्हरला विचारून दुसऱ्या प्रोग्रामात काय टाइप होतंय ते वाचू शकतो. वेलँडचं काम क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ साली सुरू केलं. त्यात मधला एक्स सर्व्हरच नाही. विंडो सांभाळणाराच पडदाही सांभाळतो. प्लाझ्मात हे काम के-विन करतं. त्यामुळं जी जुनी हत्यारं थेट एक्स सर्व्हरशी बोलायची, त्यांचं ऐकायला आता समोर कुणी नाही. हा थीम बदलण्याचा प्रकार नाही.

आणि घाई कुणालाच नाही. २८ फेब्रुवारी २०२४ ला प्लाझ्मा ६ आलं तेव्हापासून वेलँड हे आपोआप निवडलं जाणारं सेशन, म्हणजे लॉगिन करताना निवडायची पद्धत, आहे. प्लाझ्मा ६.८ मध्ये एक्स११ सेशन नसेल, पण त्याआधीच्या आवृत्तीतलं एक्स११ सेशन २०२७ च्या सुरुवातीपर्यंत सांभाळू असं केडीईनं जाहीर केलंय. म्हणजे एखाद्या सुट्टीच्या दिवशी शांतपणे बसून बदल करायला वेळ आहे. लोक मात्र सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी अर्ध्या तासात करायला जातात.

पहिली चूक: कार्ड कुठलं आहे ते न बघता ड्रायव्हर टाकणं

मे २०२४. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू होते. एका अडत्याच्या दुकानातून सकाळी साडेनऊला फोन आला, "कॉम्प्युटर चालू होतोय पण मुंगीच्या पावलानं. पट्ट्या काढायच्यात, शेतकरी दारात बसलेत." गेलो. त्यांच्या कॉलेजातल्या मुलानं आदल्या रात्री फेडोरा ४० केडीई हे लिनक्स नव्यानं टाकलं होतं. या फेडोरात एक्स११ सेशन सोबत येतच नाही, हवं तर पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. त्याला ते माहीत नव्हतं.

मी त्याला पहिल्यापासून सांगायला लावलं. फेडोरा टाकल्यावर सगळं छान चाललं होतं. मशीनमध्ये एनव्हिडियाचं जीटी ७१० कार्ड, आणि फेडोरासोबत येणारा नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर ते व्यवस्थित चालवत होता. तिथंच थांबायला हवं होतं. पण "एनव्हिडियाच्या कार्डाला एनव्हिडियाचाच ड्रायव्हर पाहिजे" असं त्यानं कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं आणि रात्री अकराला ४७० मालिकेचा ड्रायव्हर टाकला. मशीन पुन्हा चालू केलं, तर लॉगिननंतर काळा पडदा.

असं का होतं ते सांगतो. हे कार्ड केप्लर पिढीचं. त्या पिढीला एनव्हिडियाची शेवटची ड्रायव्हर मालिका ४७० ची. के-विनला पडद्यावर चित्र काढायला जीबीएम नावाची सोय लागते. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये ती २०२१ साली, ४९५ मालिकेपासून आली. म्हणजे या कार्डाला जो ड्रायव्हर मिळतो त्यात वेलँडला हवी ती गोष्टच नाही. कितीही वेळा टाका, काढा, पुन्हा टाका, उपयोग शून्य.

मुलानं मग दुसरा व्हिडिओ बघून ड्रायव्हर काढला, आणि तिसरा बघून ग्रबमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामात, 'नोमोडसेट' हा शब्द टाकला. पडदा आला, पण विंडो सरकवली की ती रांगत रांगत जायची. त्याला वाटलं दुरुस्त झालं, आणि रात्री दोनला झोपला.

मी कॅबिनेट उघडलं. आत आय३ प्रोसेसर, म्हणजे इंटेलचं ग्राफिक्स फुकटात बसलेलं. पट्ट्या आणि टॅली बघायला वेगळं कार्ड कशाला लागतं? मशीन देणाऱ्यानं किंमत वाढवायला घातलेलं असतं, आपल्याकडं सर्रास दिसतं. कार्ड उपसलं, मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टला लावली, मशीन चालू केलं. तरी तेच रांगणं. इथं माझा पाऊण तास गेला. वायर बदलली, रॅम काढून पुसून बसवली. शेवटी सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'अबाउट धिस सिस्टिम' उघडलं, तर ग्राफिक्स प्रोसेसरसमोर लिहिलेलं: एलएलव्हीएमपाइप. म्हणजे ग्राफिक्स चिप कामालाच नाही, सगळं चित्र बिचारा प्रोसेसर काढतोय. मग प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन ही फाइल वाचली, मशीन कुठल्या शब्दांसह सुरू झालं ते त्यात दिसतं. 'नोमोडसेट' तिथंच बसलेला होता. तो शब्द एनव्हिडियासाठी टाकलेला असला तरी अडवतो सगळ्याच ग्राफिक्स ड्रायव्हरना, इंटेललाही. शब्द काढला, मशीन पुन्हा चालू केलं, आणि सगळं लोण्यासारखं सरकायला लागलं.

तोवर साडेअकरा वाजले होते. मालकांनी पंधरा-वीस पट्ट्या हातानं लिहून दिल्या होत्या. त्यातल्या एका पट्टीत हमालीचा आकडा चुकला आणि तो शेतकरी दुपारी परत आला. पोरगा म्हणाला, "काका, व्हिडिओत तसंच सांगितलं होतं." मला त्याचा राग नाही आला. त्या व्हिडिओवाल्यांचा येतो, जे कार्ड कुठलं हे विचारायच्या आधीच कमांड दाखवतात.

माझी सवय अशी आहे: आधी कार्डाचं पूर्ण नाव वहीत लिहायचं. इंटेल किंवा एएमडी असेल तर कुठलाही ड्रायव्हर शोधायचा नाही, तो कर्नलमध्ये आहेच. एनव्हिडिया असेल तर कार्डाला कुठली मालिका मिळते ते बघायचं. ५५५ किंवा त्यापुढची मिळत असेल तर निर्धास्त जा, कारण विंडो लुकलुकण्याचा जुना त्रास तिथपासून बराच गेला. ४७० वरच थांबत असेल तर नूव्हो ठेवा, नाहीतर कार्ड काढा. आणि एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा, मशीन पुन्हा चालू करून बघा. त्या मुलानं वही ठेवली असती तर माझी तीच पंचेचाळीस मिनिटं वाचली असती.

दुसरी चूक: मराठी टायपिंग शेवटी बघू म्हणणं

मिरजेत एक बाई लग्नपत्रिका आणि अर्जांचं टायपिंग करतात. त्यांचं वाक्य जसंच्या तसं: "ब्राउझरमध्ये मराठी उमटत नाही, आणि जुन्या प्रोग्रामात कधी उमटतं कधी गायब होतं." हे लक्षण ऐकलं की मशीन न बघता सांगता येतं. कुणीतरी पूर्वी मशीन सुरू होताना सेट-एक्सकेबीमॅप चालवणारी स्क्रिप्ट ठेवून दिलेली असते. ही कमांड एक्स सर्व्हरशी बोलते. वेलँडमध्ये कीबोर्डचा लेआउट के-विनच्या हातात असतो. स्क्रिप्टचं म्हणणं फार तर एक्सवेलँडपर्यंत पोचतं, म्हणजे जुने प्रोग्राम चालवायला ठेवलेल्या एक्स सर्व्हरपर्यंत, आणि तिथंही ते टिकत नाही.

उपाय पाच मिनिटांचा आहे. ती स्क्रिप्ट काढा. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी जोडा, भाषा बदलायची कळ तिथंच ठरवा. इनस्क्रिप्ट वापरणाऱ्याला एवढं पुरतं. उच्चाराप्रमाणे टाइप करणारे एफसीआयटीएक्स ५ किंवा आयबस हे टायपिंगचे प्रोग्राम वापरतात. त्यांनी 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या पानावर जाऊन ते निवडायचं. नाव फसवं आहे, पडद्यावरच्या कीबोर्डची गरज नसली तरी निवड तिथंच करायची असते. मग लॉगआउट करून परत या. आणि जीटीके, क्यूटी (ज्यांवर बहुतेक प्रोग्रामांच्या विंडो बनतात ती साधनं) यांच्यासाठी इनपुट मेथडच्या ज्या ओळी कुणी जुन्या काळी एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये घातल्या असतील, त्या उडवा. वेलँडवर त्या मदत कमी आणि गोंधळ जास्त करतात.

मग तपासायचं. "क ख ग" लिहून पाहू नका, ते नेहमी येतंच. मी "कृष्णाकाठच्या वाऱ्यावर सूर्य, ज्ञानेश्वर, हळद" एवढं लिहितो. वाऱ्यातला ऱ्य आणि सूर्यातला र्य वेगळे उमटले पाहिजेत, ज्ञ जोडला गेला पाहिजे, ळ आला पाहिजे. हे केटमध्ये (केडीईचा साधा एडिटर), ब्राउझरमध्ये आणि लिबरऑफिसमध्ये, तिन्हीकडं. त्या बाईंच्या मशीनवर दोन ठिकाणी बरोबर आलं आणि लिबरऑफिसमध्ये ऱ्य अडला. एका जुन्या ओळीचा अवशेष राहिला होता. लग्नसराईत 'वऱ्हाडी मंडळी' चुकून छापलं गेलं असतं तर पाचशे पत्रिकांचा कागद वाया. म्हणून सांगतो, हे शेवटी नाही, सगळ्यात आधी बघा.

बाकीच्या, पटापट

क्यूटी आणि जीटीकेला सक्तीनं वेलँडवर ढकलणाऱ्या ओळी सगळ्या सिस्टिमसाठी घालू नका. ज्यांना वेलँड येतं ते प्रोग्राम बहुतेक स्वतःहून ते वापरतात. काही प्रोग्राम स्वतःचं क्यूटी सोबत आणतात, त्यात वेलँडचा प्लगइन नसतो, आणि मग ते उघडतच नाहीत.

"एक्स आता मेलं" म्हणून एक्सवेलँड काढून टाकणारे दोघे मला भेटले. वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीवर) चालणारा हिशेबाचा प्रोग्राम बंद पडल्यावर फोन आला. एक्सवेलँड राहू द्या. एक्स११ सेशन जाणार आहे, एक्स११ चे प्रोग्राम नाही.

सुडो लावून (अ‍ॅडमिनच्या अधिकारानं) एडिटर उघडत नाही म्हणून 'एक्सहोस्ट प्लस' देणं, म्हणजे एक्स सर्व्हर सगळ्यांना मोकळा करणं, ही मला सगळ्यात न आवडणारी पळवाट. दाराला कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवल्यासारखं आहे. केटमध्ये फाइल साधी उघडा, सेव्ह करताना ते पासवर्ड विचारतं.

मॉनिटर मांडायची एक्सरँडरची स्क्रिप्ट आता चालणार नाही. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये एकदा मांडा, लक्षात राहतं. कमांडच हवी असेल तर के-स्क्रीन-डॉक्टर आहे. तेच पेन टॅब्लेटचं: एक्ससेटवॅकॉम सोडा, 'ड्रॉइंग टॅब्लेट' पान वापरा.

एक्सडूटूल लावून फॉर्म भरणाऱ्यांना ते वेलँडच्या विंडोंवर चालत नाही याचा राग येतो. मला ही अडवणूक पटते. ज्या वाटेनं तुमची स्क्रिप्ट दुसऱ्या विंडोत टाइप करत होती, त्याच वाटेनं कुणीही तुमचा बँकेचा पासवर्ड वाचू शकत होतं.

क्लासवाल्यांना स्क्रीन शेअर करताना काळी चौकट दिसते. पाइपवायर आणि केडीईचं डेस्कटॉप पोर्टल, दोन्ही बसवलेली आणि चालू आहेत का बघा. त्यानंतर विंडो निवडायची चौकट येईल तेव्हा ती न वाचता बंद करू नका, परवानगी तिथंच द्यायची असते.

प्लाझ्माऐवजी दुसरा डेस्कटॉप असेल तर: मिंट लिनक्समधल्या सिनॅमन डेस्कटॉपचं वेलँड सेशन २०२४ च्या जानेवारीत 'प्रायोगिक' म्हणून आलं, एक्सएफसीई ४.२० या डेस्कटॉपमधलंही तसंच. प्रायोगिक हा शब्द बनवणाऱ्यांनी विचार करून लिहिलाय. दुकानाच्या मशीनवर ते निवडू नका.

१२५ टक्के स्केलिंगवर जुने प्रोग्राम धूसर दिसतात, आणि लोक चष्म्याचा नंबर वाढला समजतात. डिस्प्लेच्या पानावर जुन्या एक्स११ प्रोग्रामांसाठी वेगळा पर्याय आहे, तिथं 'प्रोग्रामनं स्वतः स्केल करावं' हे निवडा. त्यानंतरही एखाद्याची अक्षरं बारीकच राहिली, तर त्या प्रोग्रामला स्केलिंग येत नाही. अशा वेळी मी स्केलिंग १०० टक्क्यांवर आणतो आणि फॉन्ट दोन अंकांनी वाढवतो.