स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस स्टार्ट होत नाहीये? टर्बोला हात लावायच्या आधी हे बघा

टर्बोवाली गाडी स्टार्ट झाली नाही की पहिला संशय टर्बोवर जातो आणि तिथूनच पैसे वाया जायला सुरुवात होते. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला जेमतेम दोनशे-अडीचशे फेरे घेतं, तेवढ्यात एक्झॉस्टला काही जोरच नसतो, त्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बूस्ट करतच नाही, म्हणजे स्टार्ट होईपर्यंत तुमची २३० पीएसची आरएस ही दोन लिटरची साधी पेट्रोल गाडीच असते. टर्बो गेला तर गाडी धूर मारेल, पिकअप जाईल, शिट्टीसारखा आवाज येईल, पण स्टार्ट होईल. त्यामुळे कोणी फोनवरच "टर्बो बदलावा लागेल" म्हणाला तर गाडी त्याच्याकडे पाठवू नका.

हे सगळं मी २०१७ ची आरएस २३० डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण २०२० ला २०० च गाड्या आलेली आरएस २४५ आणि त्याआधीची १.८ ची लॉरा आरएस यांचं इंजिनही फोक्सवॅगनच्या त्याच ईए८८८ घराण्यातलं आहे, त्यामुळे बरंचसं तिथेही चालेल.

पहिला प्रश्न एकच, सेल्फ फिरतोय का? बटण दाबलं आणि काहीच नाही, तर गिअर लिव्हर पी मध्ये नीट बसलाय का आणि ब्रेक दाबल्यावर मागचे ब्रेक लाइट लागतात का ते बघा. लाइट लागत नसतील तर ब्रेक पेडलचा स्विच गेलेला असू शकतो, आणि ब्रेक दाबलाय हे गाडीला कळलंच नाही तर ती सेल्फ मारणारच नाही. नुसतं टकटकटक होत असेल तर बॅटरी उतरलीय. मल्टिमीटर लावा, उभ्या गाडीला १२.४ व्होल्टच्या वर पाहिजे आणि सेल्फ मारताना साडेनऊ-दहाच्या खाली जाता कामा नये. बॅटरी चांगली असून एकच जोरात "टक" येऊन थांबत असेल तर सेल्फ किंवा गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी बघायची. ती पट्टी गंजलेली असली तर नवीन बॅटरी टाकूनही फरक पडत नाही आणि लोक उगाच सेल्फ बदलून बसतात.

गाडी स्टार्ट होते आणि एक-दोन सेकंदांत बंद पडते, परत मारली की परत तेच, असं असेल तर आधी इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा. मीटरमध्ये चावीचा दिवा किंवा मेसेज येतोय का बघा आणि दुसरी चावी लावून बघा. दुसऱ्या चावीवर चालली तर मेकॅनिकला इंजिन उघडू द्यायचं कारणच नाही.

आता सेल्फ मस्त फिरतोय पण गाडी पकडत नाही, खरी गंमत इथे आहे. यासाठी हजार-दोन हजारांत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा) घ्याच, टर्बो गाडी ठेवायची आणि स्कॅनर नाही हे मला पटत नाही. कोड तर वाचाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणाचे सेन्सरचे आकडे. सेल्फ मारताना आरपीएम बघा. इंजिन फिरतंय हे कानाला ऐकू येतंय आणि स्क्रीनवर आरपीएम शून्यच, तर इंजिनचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर, कारण इंजिन फिरतंय हेच ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळत नाही आणि मग तो ना स्पार्क देतो ना पेट्रोल. स्वस्तातले स्कॅनर आकडा उशिरा दाखवतात म्हणून चार-पाच सेकंद सेल्फ चालू राहू द्या आणि मगच ठरवा.

आरपीएम येतोय तर मग पेट्रोल. या इंजिनात दोन पंप आहेत, टाकीतला इलेक्ट्रिक पंप पेट्रोल पाच-सहा बारने पुढे ढकलतो आणि इंजिनवरचा कॅमशाफ्टवर चालणारा पंप तेच प्रेशर खूप वर नेतो. टाकीतला पंप तपासायला हत्यार लागत नाही. आजूबाजूला शांतता असताना गाडी थोडा वेळ बंद ठेवा, एकाला मागच्या सीटवर कान लावून बसवा आणि मग ड्रायव्हरचं दार उघडा, दार उघडताच सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक "घूंऽऽ" यायला पाहिजे, कारण ही गाडी दार उघडल्यावरच पेट्रोल भरून ठेवते. आवाज नाही आला तर आधी फ्यूज, मग पंपाचा कंट्रोल युनिट आणि सगळ्यात शेवटी पंप, याच क्रमाने, कारण पंप सगळ्यात महाग.

आवाज येतोय तर स्कॅनरवर फ्यूएल रेल प्रेशर (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या पाइपातलं) लावा. ॲप किलोपास्कलमध्ये दाखवत असेल तर १०० किलोपास्कल म्हणजे १ बार एवढं लक्षात ठेवा. सेल्फ मारताना आकडा भराभर चढून पाच-सहा बारच्या कित्येक पट वर गेला पाहिजे. तो पाच-सहा बारवरच अडकून बसला तर टाकीतला पंप त्याचं काम करतोय आणि पुढचा हाय प्रेशर पंप किंवा त्यावरचा व्हॉल्व्ह करत नाहीये, पी००८७ (रेल प्रेशर कमी) कोडही बहुतेक येईलच. या पाइपांचे नट घरी अजिबात सैल करू नका, इंजिन बंद केल्यावरही आत प्रेशर राहतं आणि ते पेट्रोल डोळ्यात किंवा कातडीखाली गेलं तर थेट हॉस्पिटल.

पेट्रोल भरून पंपावरून निघताना तेवढ्यापुरताच त्रास देते, एरवी ठीक, अशी तक्रार असेल तर पर्ज व्हॉल्व्ह बघा. तो उघडा अडकला की टाकीतली वाफ इंजिनात जाते आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, तेव्हा ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि इंजिन कोरडं होतं. व्हॉल्व्ह काढून, वायर न लावता तोंडाने फुंका, हवा आरपार गेली तर तो गेलाय. स्वस्तातलं काम आहे.

कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) आणि प्लगवर मी फार वेळ घालवत नाही, एक कॉइल गेली तर गाडी थरथरत मिसिंगमध्ये चालते, चारही एकदम मरत नाहीत. फक्त रिमॅप केलेली (ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवलेली) गाडी असेल तर प्लगचा गॅप तपासा, ०.७-०.८ मिमीच्या पुढे गेलेला नको.

आता जे सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचंय ते. सेल्फचा आवाज ओळखायला शिका. निरोगी इंजिन फिरताना एक लय असते, घुर्र-घुर्र-घुर्र, प्रत्येक सिलेंडर दाबला जातोय हे कळतं. ती लय गायब होऊन नुसतं सपाट सर्ररर ऐकू आलं, किंवा आधीचे काही दिवस सकाळी स्टार्ट करताना साखळीचा खडखडाट येत होता, किंवा स्कॅनरवर पी००१६ (क्रँक आणि कॅमची वेळ जुळत नाही) आलाय, तर तिथेच थांबा आणि परत बटण दाबू नका. टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी साखळी) दात सोडून सरकलेली असू शकते, आणि अशात प्रत्येक सेल्फला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. चेन आणि ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं काम खर्चिक आहेच पण त्यात हेडचं काम वाढलं तर बिल कुठल्या कुठे जातं. जुन्या लॉरात टेन्शनरची ही दुखणी जास्त, आणि ती गाडी चढावर गिअरमध्ये टाकून हँडब्रेक न लावता उभी करू नका, मागे रेलली की चेन सैल पडू शकते. टो करून न्या, कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते) करायला सांगा आणि चारही आकडे लिहून घ्या. साधारण ११ ते १४ बार म्हणजे तब्येत उत्तम, ७ च्या खाली किंवा दोन सिलेंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक असेल तर इंजिन उघडावं लागेल.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना बंद पडली असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि सेल्फ मारूच नका. आधी एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघा, ओला असेल तर चारही प्लग काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही, सिलेंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि गाडी पार्किंगमध्ये बरेच दिवस उभी होती तर टॉर्च घेऊन वायरिंग बघा, आपल्याकडे उंदीर हे नो-स्टार्टचं अगदी खरं कारण आहे, इंजिनवर लेंड्या किंवा कुरतडलेलं फोम दिसलं तर सेन्सर मागवण्याआधी त्याची वायर तपासा.

गॅरेजला फोन कराल तेव्हा "स्टार्ट होत नाही" एवढंच सांगू नका. सेल्फ फिरतो की नाही, आरपीएम येतो की नाही, रेल प्रेशर किती, कोड कुठले, शेवटचं पेट्रोल कधी भरलं, एवढं लिहून व्हॉट्सॲप करा आणि सेल्फ एकदाच मारून त्या आवाजाचा व्हिडिओ जोडा, चेनचा संशय किंवा पाण्याचा प्रकार असेल तर तोही नको. चांगला फिटर एवढ्यावर निम्मं निदान फोनवरच करतो आणि काय उघडायचं ते ठरवूनच गाडी आत घेतो.