घाटातलं बँकर इंजिन: या चुका टाळा

कर्जत किंवा कसाऱ्याला गाडी थांबते, घाट चढण्यासाठी मागे बँकर नावाचं जादा इंजिन जोडताना हलका धक्का बसतो आणि डब्यात कुणीतरी हमखास सांगतं, "पुढच्या इंजिनात दम नाही, म्हणून मागून ढकलतात." घाटाचे व्हिडिओ करणारेही हेच सांगत सुटतात. सगळ्यात मोठी चूक हीच.

कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी, दोन्ही घाटांत ३७ ला १ असा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. हजार टनांची गाडी धरली, तर नुसतं गुरुत्वाकर्षण तिला साधारण २७ टनांच्या जोराने मागे ओढत असतं. इंजिनाची ताकद कितीही असो, ती रुळावर उतरते चाकांच्या पकडीतूनच. पावसात रूळ निसरडे झाले की चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. म्हणून पकड धरणारी जास्त चाकं, म्हणजे जास्त इंजिनं लागतात.

मग सगळी इंजिनं पुढेच का जोडत नाहीत? कारण अख्ख्या गाडीचा ताण पहिल्या कपलिंगवर (इंजिन आणि डबा जोडणाऱ्या दुव्यावर) येईल आणि ते तुटलं, तर मागचे डबे थेट उताराला लागतील. बँकर मागे असला की ताण वाटला जातो. डबे सुटलेच तर त्यांच्या खालच्या अंगाला इंजिन असतं. माझ्या मते बँकरचं खरं मोल इथे आहे, ढकलण्याइतकंच थोपवण्यात.

मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला मध्य रेल्वेत 'अप' म्हणतात, म्हणजे घाट चढते ती 'डाउन'. नोंदी ठेवताना हे उलटं लिहू नका. उतरणाऱ्या गाडीचा प्रश्न वेगळाच, ब्रेकचा. त्यासाठीच वाटेत कॅच सायडिंग आहेत, म्हणजे ताबा सुटलेली गाडी वळवून थांबवायचे बाजूचे रूळ.

मागे दिसलेलं प्रत्येक इंजिन बँकर नसतं. २०१९ साली सुरू झालेल्या मुंबई-दिल्ली राजधानीला दोन्ही टोकांना इंजिनं जोडली, ती पुश-पुल पद्धत: मागचं इंजिनही पुढचाच लोको पायलट चालवतो. बँकरवर मात्र स्वतंत्र लोको पायलट असतो. वंदे भारतच्या मोटरी डब्यांखालीच असल्याने २०२३ पासून ती बँकरशिवाय घाट चढते. आणि १५ ऑगस्ट २०२२ ला छत्तीसगडात धावलेल्या 'सुपर वासुकी' मालगाडीत इंजिनं मध्येमध्ये होती, तीही बँकर नव्हेत. २९५ वाघिणींच्या साडेतीन किलोमीटर लांब गाडीत ओढ ठिकठिकाणी वाटण्यासाठी ती तशी लावली होती.

बँकर जोडताना बघायचं असेल तर फलाटावरूनच बघा. चांगल्या फोटोसाठी रुळांत उतरू नका.