लिव्हर-ॲक्शन रायफलच्या साइट्स: नेम कसा जुळवावा आणि काय बदलावे

लिव्हर-ॲक्शन रायफल (चापाभोवतीची कडी खाली-वर करून काडतूस भरणारी) अचूक मारत नाही, ही तक्रार जितकी सर्रास ऐकू येते तितकी ती खरी नाही. बहुतेक वेळा नळी ठणठणीत असते आणि गोंधळ साइट्सचा, म्हणजे नेम धरण्याच्या खुणांचा, असतो. मागची साइट जागेवरून सरकलेली असते, माशी (नळीच्या टोकावरची पुढची साइट) कललेली असते, किंवा कारखान्यातून जशी आली तशीच रायफल कुणीही न जुळवता वर्षानुवर्षे वापरली जाते. मग लोक थेट दुर्बीण बसवायला निघतात. माझे मत स्पष्ट आहे. आधी आहेत त्या साइट्स मोजून जुळवा. तेवढ्याने भागले नाही, तर पीप साइट (छोट्या भोकातून पाहायची मागची साइट) बसवा. दुर्बिणीचा विचार त्यानंतर. या हलक्या, सडपातळ, हातात चटकन येणाऱ्या रायफलचा स्वभाव या क्रमाने टिकून राहतो.

सुरुवात रिकाम्या रायफलने

रायफल आणि काडतुसे दोन्ही परवान्यातली असावीत आणि चाचणी अधिकृत रेंजवरच व्हावी, हे गृहीत धरतो. टेबलावर काम करताना काडतुसे त्या खोलीतच नकोत. नळीच्या खाली आडवे मॅगझिन (काडतुसे साठवणारी दुसरी नळी) असलेल्या रायफलमध्ये एक धोका असतो: चेंबर (काडतूस झडते ती जागा) रिकामे दिसते, पण मॅगझिनमध्ये काडतूस राहिलेले असू शकते. म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून आणि बोट चापापासून दूर ठेवून, काडतुसे यायची थांबेपर्यंत लिव्हर चालवा. मग चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा आणि मॅगझिनच्या तोंडाशी काडतुसाऐवजी फॉलोअर (काडतुसे पुढे ढकलणारा तुकडा) दिसतो का ते तपासा. लिव्हर उघडी ठेवूनच कामाला लागा.

आता रायफल खिडकीकडे धरून साइट्स नीट न्याहाळा. माशी उभी सरळ आहे का? डोव्हटेल खाचेत (तळाशी रुंद, वर अरुंद अशा आडव्या खाचेत) ती हलते का? मागच्या साइटखालची पायऱ्यांची पट्टी दोन पायऱ्यांच्या मध्येच अडकलेली नाही ना? रिसीव्हर (यंत्रणा बसवलेला मधला धातूचा भाग), मॅगझिनची नळी आणि बँडचे (नळीभोवतीच्या कड्यांचे) स्क्रू घट्ट आहेत का? यातले काही ढिले असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाईल.

झिरो करण्याआधी ग्रुप पाहा

रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, पण नळी टेकवू नका. पुढच्या लाकडी भागाखाली, रिसीव्हरच्या जवळ पिशवी ठेवा आणि दर वेळी तीच जागा धरा. या रायफलींमध्ये पुढचे लाकूड आणि मॅगझिनची नळी बँडने थेट नळीला जोडलेली असतात. त्यामुळे टेकण्याची जागा बदलली किंवा नळी तापली, की गोळी वेगळ्या ठिकाणी लागते. तीन गोळ्या झाडा (त्यांच्या भोकांचा पुंजका म्हणजे ग्रुप), नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मग पुढच्या तीन. घाई केलीत तर साइटऐवजी उष्णतेचे मोजमाप होईल.

काडतूस एकच ठरवा. थर्टी-थर्टीमध्ये (या रायफलींचे एक प्रचलित काडतूस) १५० आणि १७० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळ्या सर्रास मिळतात आणि दोन्हींचा मारा एकाच जागी पडेल असे नाही. ज्या काडतुसाने रायफल वापरणार त्यानेच झिरो करा, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवा. नळीच्या मॅगझिनमध्ये एका काडतुसाचे टोक पुढच्याच्या प्रायमरला (काडतूस पेटवणाऱ्या बुडाच्या टिकलीला) टेकते, म्हणून टोकदार कठीण गोळ्या तिथे कधीही भरू नयेत. सपाट टोकाच्या किंवा मुद्दाम मऊ लवचिक टोकाच्या गोळ्याच घ्याव्यात.

पहिला ग्रुप २५ मीटरवर घ्या म्हणजे गोळी कागदावर तरी सापडेल, मग ५० मीटरवर जा. सगळ्यात चांगली लागलेली गोळी धरून दुरुस्ती करण्याचा मोह होतो, तो टाळा. तिन्ही भोकांचा मध्य काढा आणि लक्ष्याच्या मध्यापासून तो किती दूर आहे ते पट्टीने मोजा.

कोणती साइट कुठे सरकवायची

नियम सोपा आहे. गोळी जिकडे न्यायची आहे तिकडे मागची साइट सरकवा. पुढची मात्र उलट दिशेला. गोळी वर न्यायची तर मागची साइट वर करा किंवा माशी बुटकी करा. खाली आणायची तर मागची साइट खाली करा किंवा उंच माशी बसवा.

किती सरकवायचे, हे अंदाजाने ठरवू नका. दोन्ही साइट्समधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. गोळी जितकी चुकली तितके मिलिमीटर घ्या, त्याला साइट्समधल्या अंतराने गुणा आणि लक्ष्याच्या अंतराने भागा. समजा ५० मीटरवर ग्रुप १२ सेंटिमीटर डावीकडे आहे आणि साइट्समध्ये ४३० मिलिमीटर अंतर आहे. १२० गुणिले ४३० भागिले ५०,००० म्हणजे साधारण १ मिलिमीटर. मागची साइट १ मिलिमीटर उजवीकडे न्यायची, बस्स. नेमका आकडा हाती नसला की हातोडीचा एक ठोका कमी आणि दोन जास्त, असा खेळ दिवसभर चालतो.

हे सरकवण्याचे काम जपून करावे. नळी मऊ जबड्यांच्या व्हाइसमध्ये, साइटच्या अगदी जवळ धरा. साइटच्या बुडाशी आणि नळीवर मिळून पेन्सिलची एक बारीक सरळ रेघ ओढा. मग पितळी किंवा नायलॉनचा पंच साइटच्या बुडाला, डोव्हटेलला समांतर टेकवा आणि छोट्या हातोडीने हलके ठोके द्या. साइटच्या वरच्या पातळ पात्यावर ठोकलेत तर ते वाकेल. प्रत्येक ठोक्यानंतर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून किती सरकले ते व्हर्निअर कॅलिपरने पाहा. साइट पूर्ण काढायची असेल तर परंपरेने ती नेमबाजाच्या बाजूने पाहता डावीकडून उजवीकडे बाहेर काढतात आणि उजवीकडून डावीकडे बसवतात. अपवाद भेटतात, म्हणून फार जोर लागू लागला तर थांबून दुसरी बाजू पाहावी.

उंचीसाठी मागच्या साइटचे पाते बोटाने किंचित उचलून खालची पायऱ्यांची पट्टी पुढेमागे करायची. या पायऱ्या ठोकळ असतात: एक पायरी बदलली की गोळी बरीच वर किंवा खाली जाते. काही सेमी-बकहॉर्न साइट्समध्ये (खाचेच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारख्या वळलेल्या) खाच असलेली छोटी पट्टी वेगळ्या स्क्रूने धरलेली असते. ती थोडी वरखाली करून मधली उंची साधता येते.

शेवटची पायरी झाली तरी गोळी खालीच जात असेल, तर माशी बुटकी करण्यासाठी कानस लावण्यात काही वावगे नाही. बारीक दातांची सपाट कानस घ्या, दोन-तीन हलके हात मारा, मग गोळ्या झाडून पाहा. काढलेला धातू परत लावता येत नाही, म्हणून हिशेबाने निघालेल्या मापाच्या निम्म्यावरच पहिल्यांदा थांबा. झाल्यावर उघड्या धातूला कोल्ड ब्लू (पोलाद काळसर करणारे रसायन) लावा, नाहीतर गंज धरेल.

थर्टी-थर्टीसाठी मी १०० मीटरवर गोळी नेमापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर वर ठेवणे पसंत करतो. मग ती १४० मीटरच्या आसपास पुन्हा नेमरेषेवर येते आणि तिथवर नेम वरखाली धरण्याचा विचारच करावा लागत नाही.

माशी चमकते तेव्हा

गोल, घासून चकचकीत केलेली पितळी माशी सावलीत छान दिसते, उन्हात फसवते. ऊन डावीकडून आले की तिची डावी कड उजळते. डोळा त्या उजळ ठिपक्यालाच मध्य समजून खाचेत बसवतो, म्हणजे खरी माशी उजवीकडे सरकते आणि गोळीही उजवीकडे, प्रकाशाच्या विरुद्ध बाजूला जाते. सकाळी जुळवलेली रायफल संध्याकाळी चुकते, त्यामागे कित्येकदा एवढेच कारण असते. सपाट तोंडाची माशी घेतली की हा त्रास जवळजवळ संपतो. माशीवर टोपी असेल तर ती नुसती शोभेची नाही, उन्हापासून माशीला वाचवते, चढवूनच वापरा.

माशीची जाडीही विचार करून निवडावी. डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर असलेली १.६ मिलिमीटरची माशी १०० मीटरवर जवळजवळ १८ सेंटिमीटर जागा झाकते. २.४ मिलिमीटरची २७ सेंटिमीटर झाकते. मोठी माशी पटकन दिसते, पण लांबचे लक्ष्य गिळून टाकते. कागदावर ग्रुप घेणाऱ्याने बारीक माशी घ्यावी. झाडीत, कमी उजेडात वापरणाऱ्याला जाड माशी सोयीची.

पीप साइट: खर्च करायचाच तर इथे

उघड्या साइट्समध्ये डोळ्याला मागची खाच, माशी आणि लक्ष्य अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवर एकाच वेळी पाहावे लागते. ते कुणालाच जमत नाही, आणि चाळिशीनंतर खाच अगदीच पुसट होते. पीपच्या छोट्या भोकातून पाहिले की माशी आणि लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. भोकाचा मध्य शोधायची गरज नसते, डोळा तो आपोआप पकडतो. नवखे इथेच चुकतात: ते भोकाकडे पाहत बसतात. भोकातून आरपार पाहा, माशी लक्ष्यावर ठेवा, चाप ओढा.

दुसरा फायदा अंतराचा. मागची साइट नळीवरून रिसीव्हरवर आली की दोन साइट्समधले अंतर ४३० वरून ६०० मिलिमीटरच्या पुढे जाते. नेम धरण्यातली तेवढीच चूक आता लक्ष्यावर कमी दिसते.

जागा रायफलवर अवलंबून आहे. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली विंचेस्टर १८९४ रिकामे काडतूस वरून फेकते, म्हणून तिच्यावर लायमन ६६ सारखी रिसीव्हरच्या डाव्या बाजूला बसणारी साइट शोभते. १९४८ मध्ये आलेली मार्लिन ३३६ बाजूने फेकते आणि तिचा माथा बंद असतो. नंतरच्या ३३६ वर माथ्याला कारखान्यातूनच आटे पाडलेले असतात, तिथे कमी उंचीची पीप छान बसते. आटे नसतील तर भोके पाडण्याचे काम शस्त्रदुरुस्ती जाणणाऱ्या कारागिरालाच द्या. रिसीव्हरचे पोलाद कठीण असते आणि अर्धा मिलिमीटर कललेले भोक आयुष्यभर सलते.

बसवताना मूळ स्क्रू काढा. स्क्रूड्रायव्हरचे टोक खाचेत चपखल बसणारे हवे, ढिल्या टोकाने खाच फाटते. आटे आणि नवे स्क्रू तेलविरहित करा, निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावा. लाल नको, तो पुढे गरम केल्याशिवाय सुटत नाही. छोट्या स्क्रूंना सहसा १५ ते २० इंच-पाउंड (आवळण्याच्या जोराचे माप) पुरेसे असते, तरी साइटसोबत आलेली सूचना प्रमाण माना. स्क्रू आत बोल्टला घासत नाही ना, हे लिव्हर सावकाश चालवून पाहा. नळीवरची जुनी साइट काढून टाका, नाहीतर ती मध्येच आडवी येते. रिकाम्या डोव्हटेलमध्ये साधी भरणपट्टी ठोका.

आता नेमरेषा उंचावलेली असते, आणि पीप सगळ्यात खाली नेऊनही गोळी वरच लागते, असे बऱ्याचदा होते. साइट खराब नाही, माशी बुटकी पडते आहे. तोच हिशेब करा: १०० मीटरवर १५ सेंटिमीटर वर आणि साइट्समध्ये ६२० मिलिमीटर, म्हणजे माशी सुमारे ०.९ मिलिमीटर उंच हवी. आधी पीप बसवा, गोळ्या झाडा, मगच माशी मागवा. दोन्ही एकदम मागवणारे हमखास चुकीची उंची घेऊन बसतात.

संध्याकाळच्या उजेडात भोकातली चकती फिरवून काढली की मोठे वर्तुळ उरते. अचूकता थोडी कमी होते, वेग वाढतो.

दुर्बीण लावायचीच असेल तर

डोळे खरोखरच माशी धरत नसतील तर दुर्बीण घ्या, पण १ ते ४ पटीची, छोटी, आणि शक्य तितक्या बुटक्या रिंगांत. दस्त्याचा (खांद्याला टेकवायच्या लाकडाचा) उतार उघड्या साइट्ससाठी आखलेला असतो. दुर्बीण उंच बसली की गाल लाकडावरून सुटतो आणि नेम दर वेळी वेगळा होतो. विंचेस्टरच्या १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या, सरळ वर फेकणाऱ्या रायफलींवर रिसीव्हरच्या मध्यावर दुर्बीण चालत नाही. बाजूची किंवा नळीवर पुढे बसणारी लांब आय-रिलीफची (डोळ्यापासून दूर ठेवून पाहता येणारी) लागते. घोड्याला (चाप ओढल्यावर सुटणाऱ्या हातोडीला) बाजूला निघणारा जोडदांडा लावा. दुर्बिणीखाली अंगठा नीट पोहोचला नाही तर भरलेल्या रायफलचा घोडा उतरवताना निसटू शकतो, आणि ही धोक्याची गोष्ट आहे.

काहीही बसवले तरी वीसेक गोळ्यांनंतर सगळे स्क्रू पुन्हा तपासा. झिरो पक्का झाला की डोव्हटेलवर धातूला खूण करणाऱ्या सुईने बारीक रेघ ओढा आणि काडतुसाचे वजन, अंतर, पीपवरचे आकडे वहीत टिपून ठेवा. पुढच्या खेपेला साइट हलली का, हे त्या रेघेवरून लगेच कळेल.