व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी: वॉर्ड, फॉलोअप आणि संशोधन

व्यसनावरच्या उपचारांमध्ये काम करायचं ठरवलेल्या नव्या डॉक्टरांना, समुपदेशकांना आणि संशोधकांना बहुतेक वेळा डिटॉक्सचं, म्हणजे शरीरातून नशा उतरवण्याचं, काम आधी दिसतं. पेशंट थरथरत येतो, पाच-सात दिवसांत हात स्थिर होतात, जेवू लागतो, घरचे हात जोडून आभार मानतात. काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात उपचाराचा सगळ्यात सोपा टप्पा तेवढा संपलेला असतो. पुढचं वर्ष तो माणूस तुमच्याशी जोडलेला राहतो की नाही, यावर बाकी सगळं ठरतं. या क्षेत्रात सुधारणेला सर्वाधिक वाव तिथेच आहे, म्हणून या लेखात भर त्यावर आहे.

गरज किती मोठी आहे ते एका आकड्यावरून कळेल. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला ना कसला उपचार मिळाल्याचं आढळलं. भरती होऊन उपचार मिळणारा तर १८० जणांत एक.

यायच्या वाटा

एमबीबीएसनंतर मानसोपचारातली तीन वर्षांची एमडी आणि त्यापुढे तीन वर्षांची व्यसन मानसोपचारातली डीएम, हा डॉक्टरांचा सरळ रस्ता. डीएम बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, दिल्लीच्या एम्समध्ये आणि चंदीगडच्या पीजीआयमध्ये करता येते. मानसशास्त्राकडून येणाऱ्यांनी चिकित्सा मानसशास्त्राचा अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला आहे ना, हे प्रवेशाआधी परिषदेच्या यादीत स्वतः पाहावं. अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे आणि कॉलेजच्या जाहिरातीवर विसंबून चालत नाही. समाजकार्याचे विद्यार्थी एमएसडब्ल्यूनंतर थेट केंद्रात रुजू होतात. मानसोपचार समाजकार्यातली पुढची पदवी असेल तर रुग्णालयांची दारं उघडतात. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले समुपदेशक हा या क्षेत्राचा कणा आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने हे महाराष्ट्राला ठळकपणे दाखवून दिलं. नव्या डॉक्टरने त्यांच्या हाताखाली महिनाभर गटसत्रांना नुसतं बसावं. पेशंट कुठे लपवतोय, हे त्यांना पुस्तकं वाचलेल्यांपेक्षा लवकर कळतं.

नोकरी धरण्याआधी केंद्र पाहून या. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यात किती वेळा येतात? रात्री फिट आली तर कोण असतं, आणि जवळचं आयसीयू किती अंतरावर आहे? पेशंटला घरी फोन करू देतात का? मानसिक आरोग्य कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू आहे. पेशंटला साखळीने बांधण्यास या कायद्यात थेट बंदी आहे. पेशंट स्वतः तयार नसताना करायच्या भरतीसाठी कलम ८९ आहे. त्यात नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक व्यावसायिक यांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि मुदत ३० दिवसांपर्यंतच असते. ‘घरच्यांनी सांगितलं म्हणून उचलून आणला’ अशी पद्धत असलेल्या ठिकाणी एक दिवसही काम करू नका.

किती पिता, हे विचारायला शिका

हा प्रश्न साधा वाटतो, पण सर्वाधिक चुका इथेच होतात आणि पुढचं निदान, औषध, संशोधन सगळं त्या चुकीवर उभं राहतं. ‘पेग’ या शब्दावर कधीही विश्वास ठेवू नका. घरी ओतलेला पेग ३० मिलीचा असतो तसा ९० मिलीचाही असतो. बाटलीचा आकार विचारा: नाईंटी, क्वार्टर, हाफ, खंबा. मग ती किती जणांत आणि किती वेळात संपते, ते विचारा.

हिशोब असा. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. क्वार्टर म्हणजे १८० मिली. १८० गुणिले ०.४२८ गुणिले ०.७९ (अल्कोहोलची घनता) केलं की सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. दहा ग्रॅमचं एक प्रमाण ड्रिंक धरलं तर एका क्वार्टरमध्ये सहा ड्रिंक. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम, चार ड्रिंक. हातभट्टीचा जोर मात्र भट्टीगणिक बदलतो. तिथे ग्लासांची संख्या, पैसे आणि प्यायल्यानंतरची अवस्था लिहून ठेवा, खोटा नेमका आकडा लिहू नका.

आता हे ऑडिट (AUDIT) या पिण्याच्या सवयी तपासणाऱ्या प्रश्नावलीत कसं उतरतं ते पाहा. दहा प्रश्न, कमाल ४० गुण, ८ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे पुढची चौकशी आवश्यक. रोज एक क्वार्टर पिणाऱ्याला ‘किती वेळा पिता’ या पहिल्या प्रश्नाचे ४, ‘पिता त्या दिवशी किती ड्रिंक’ या दुसऱ्याचे २ आणि ‘एका वेळी सहा किंवा जास्त’ या तिसऱ्याचे ४, असे तीन प्रश्नांतच १० गुण होतात. नवख्याने ‘एकच घेतो’ हे ऐकून एक ड्रिंक लिहिलं, तर याच माणसाचे तीन प्रश्नांत मिळून ४ गुण भरतात. बाकीच्या प्रश्नांना तो ‘नाही, नाही’ म्हणाला की चाळणीतून निसटला. रिकामी क्वार्टर आणि नाईंटीची बाटली टेबलाच्या खणात ठेवा. पेशंटने बोट ठेवून दाखवलं की उत्तर बदलतं.

विथड्रॉवलचं घड्याळ

विथड्रॉवल म्हणजे नशा अचानक थांबल्याने उठणारा शारीरिक-मानसिक त्रास. शेवटचा घोट कधी घेतला, ही वेळ केसपेपरवर सगळ्यात वर लिहा. साधारण ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. फिट येण्याचा काळ ढोबळमानाने ६ ते ४८ तासांचा. डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे थरथरीसोबतचा तीव्र गोंधळ आणि भास, बहुधा ४८ ते ९६ तासांत उमटतो. म्हणूनच सगळ्यात धोकादायक पेशंट व्यसनमुक्ती वॉर्डात नसतो, तो ऑर्थो किंवा सर्जरीच्या वॉर्डात असतो. पाय मोडून भरती झालेला, दारूबद्दल कोणी विचारलेलं नाही, आणि तिसऱ्या रात्री तो सलाईन उपटून ‘अंगावर किडे चढतायत’ म्हणत उठतो. तिथे नुसतं हॅलोपेरिडॉल (भास-भ्रमावरचं औषध) टोचलं तर फिट येण्याची शक्यता वाढते. मुख्य औषध बेंझोडायझेपिन गटातलं, म्हणजे मेंदू शांत करणारं, हेच. यकृत खराब असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम, एरवी डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड.

विथड्रॉवलची तीव्रता मोजायला सीवा (CIWA) ही दहा मुद्द्यांची, ६७ गुणांची पट्टी वापरतात. ती बोलू शकणाऱ्या, भानावर असलेल्या पेशंटसाठी आहे. भ्रमात गेलेल्याला लावली तर आकडा फसवतो. पूर्वी फिट आलेल्या पेशंटच्या बाबतीत गुण वाढायची वाट पाहायची नाही. ‘गुण वाढले तर डोस’ ही पद्धत कमी औषधात काम भागवते, पण तिला दर काही तासांनी मोजणारी नर्स लागते. चाळीस खाटांना रात्री एकच सिस्टर असेल, तर ठरावीक डोस देऊन तो रोज पायरीपायरीने उतरवणं जास्त सुरक्षित, असं आमचं स्पष्ट मत आहे. थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) ग्लुकोजच्या सलाईनआधी किंवा निदान सोबत गेलंच पाहिजे. कुपोषित पेशंटला नुसतं ग्लुकोज दिल्यास वर्निके एन्सेफॅलोपथी, म्हणजे थायमिनच्या कमतरतेने होणारा मेंदूचा विकार, बळावू शकते. तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं आणि गोंधळ ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसायची वाट पाहू नका, एकावरही संशय घ्या.

घरच्यांनाही हे सांगा की रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एका दिवसात दारू तोडणं जिवावर बेतू शकतं.

डायसल्फिराम, म्हणजे वर दारू घेतली तर त्रास होणारी गोळी, हिच्याबद्दल एक कळकळीची सूचना. ‘जेवणातून न सांगता द्यायची गोळी’ म्हणून ती सर्रास मागितली जाते. देऊ नका. माहीत नसलेला माणूस वर दारू प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. हृदयविकार असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. पेशंटची संमती, शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास, आणि अल्कोहोल असलेल्या खोकल्याच्या औषधांबद्दल समज, एवढं झाल्यावरच चिठ्ठी लिहा.

ब्राउन शुगरच्या, म्हणजे अशुद्ध हेरॉइनच्या, पेशंटचं गणित वेगळं. त्याला हेरॉइनऐवजी द्यायचं ब्युप्रेनॉर्फिन हे औषध लवकर दिलं तर तेच विथड्रॉवल ओढवतं. म्हणून जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, मोठ्या बाहुल्या अशी डोळ्यांना दिसणारी लक्षणं येईपर्यंत थांबायचं. हेरॉइननंतर याला सहसा १२ तास किंवा जास्त लागतात. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची, गिळली तर फारशी कामाची नाही. नुसता डिटॉक्स करून घरी पाठवलेल्या ओपिऑइड (अफू-हेरॉइन गटातल्या नशेच्या) पेशंटची नशा पेलण्याची सहनशक्ती उतरलेली असते. त्याने जुन्याच मात्रेत पुन्हा घेतलं तर मृत्यू होऊ शकतो. हे वाक्य डिस्चार्जच्या वेळी त्याला आणि घरच्यांना, दोघांनाही, सांगितलंच पाहिजे.

फॉलोअप भरतीच्या दिवशी सुरू होतो

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, नंबर चुकतात, सिमकार्डं बदलतात. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत, पेशंट शुद्धीवर आणि शांत असताना, तीन नंबर घ्या: त्याचा, घरातल्या एकाचा आणि घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाचा. प्रत्येक नंबरसमोर लिहा की तिथे ‘कुठून बोलताय’ याचं उत्तर काय द्यायचं. शेजाऱ्याला केंद्राचं नाव कळलं तर तो पेशंट तुमचा फोन पुन्हा उचलणार नाही. पहिली भेट डिस्चार्जपासून सात दिवसांच्या आत ठेवा, आदल्या दिवशी फोन करा. फोनवर पहिला प्रश्न ‘प्यायलात का?’ हा नको. झोप, जेवण, काम विचारा, पिण्याचं ओघात येतं. पुन्हा प्यायलेल्याला ‘तरीही या’ हे सांगायला विसरू नका, कारण गैरहजर राहणाऱ्यांतले बरेच जण निव्वळ शरमेने येत नाहीत.

कामाचं वेळापत्रकही ओळखा. बीडकडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतो आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाही. त्याला सहा महिन्यांची कागदी तारीख देण्यात अर्थ नाही. कोणत्या कारखान्याच्या भागात जाणार, मुकादम कोण, तिथून जवळ कोणतं सरकारी रुग्णालय, हे आधी विचारून औषधाची सोय लावावी लागते.

संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी

आपल्याच भागातलं एक उदाहरण नीट वाचा. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसिक आरोग्यात काम करणाऱ्या संगथ संस्थेच्या गटाने एक चाचणी केली. ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण मिळालेल्या ३७७ पुरुषांना त्यात घेतलं. व्यावसायिक पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार सत्रं घेतली. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचे गुण धोक्याच्या रेषेखाली आले होते, समुपदेशन न मिळालेल्या गटात २६ टक्क्यांचे. मागच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले ४२ टक्के, दुसरीकडे १८. पण जे पीतच राहिले त्यांच्या रोजच्या मात्रेत फरक दिसला नाही, हेही त्यांनी छापलं. उपचार कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे सांगणारं संशोधन असंच लिहितात.

मोजणीसाठी टाइमलाइन फॉलो-बॅक ही पद्धत शिका. पेशंटसमोर कॅलेंडर ठेवून मागच्या दिवसांचं पिणं एकेक दिवस भरायचं. कालनिर्णय वापरा. बाजाराचा दिवस, पगाराची तारीख, एकादशी, गावची जत्रा यांवर बोट ठेवलं की आठवण नेमकी होते. आणि इथेच आपल्याकडची एक खाच आहे. श्रावणात अनेक पुरुष महिनाभर दारू सोडतात, त्याआधी गटारीला उधाण येतं. पहिली मोजणी श्रावणात आणि दुसरी तीन महिन्यांनी केली, तर चांगला उपचारही पिणं वाढवणारा ठरेल. पहिली गटारीच्या आठवड्यात आणि दुसरी श्रावणात केली, तर निरुपयोगी उपचारही चमत्कार वाटेल. तुलनेचा गट असेल तर हा दोष दोन्हीकडे सारखा पडतो. नुसत्या ‘आधी आणि नंतर’च्या अभ्यासात तो सगळा निष्कर्ष गिळतो. भरती वर्षभर पसरवा किंवा मागच्या ९० दिवसांचा हिशोब घ्या. माळ घातलेली असेल तर तशी नोंद करा.

नशेत घेतलेली संमती ही संमती नव्हे. पेशंट उतरल्यावर पुन्हा विचारा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंद पहिला पेशंट घेण्याआधी करा आणि ‘यश’ कशाला म्हणणार ते तिथेच लिहून टाका. सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे न सापडणारे पेशंट. शंभरातले साठ भेटले आणि त्यातले तीस सुटले, तर ‘५० टक्के यश’ लिहू नका. चाळीस जणांचं काय, याचा हिशोब मांडा. ते सगळे पीत आहेत असं धरून यश ३० टक्क्यांवर येतं, तेही शेजारी छापा.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात केंद्राचं मागच्या वर्षीचं डिस्चार्ज रजिस्टर मागून घ्या. सलग पन्नास नावं घ्या, निवडून नाही. प्रमुखांच्या परवानगीने त्यांना फोन लावा आणि चार रकाने भरा: नंबर लागला का, कोणी उचलला, सध्या पिणं कसं आहे, पुन्हा यायला तयार आहेत का. शेवटच्या रकान्यात ‘हो’ आलेल्यांना त्याच आठवड्यातली तारीख द्या.