जुन्या हस्तलिखित नोंदींत पूर्वज शोधताय? या चुका टाळा

आडनाव टाकलं, गाव टाकलं, ‘नोंद आढळली नाही’ असं आलं आणि शोध तिथंच सोडला. सर्वांत जास्त नोंदी अशाच हातच्या जातात. संगणक बहुतेक वेळा मूळ पान वाचत नाही. माणसानं किंवा यंत्रानं ते वाचून जी यादी केली, तिच्यात तो शोधतो. यादीत चुकलेलं नाव पानावर शाबूत असतं.

घाईच्या बाळबोध (देवनागरी) अक्षरात घ-ध, भ-म, ब-व, थ-य ओळखू येत नाहीत. मग यादीत धनाजीचा ‘घनाजी’ होतो, भिवाचा ‘मिवा’ आणि खेमाचा चक्क ‘रवेमा’. मोडी लिपीत तर ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, शब्दही सलग लिहिलेले. त्यामुळे गणपत, गनपत, गणपतजी, गणू अशी सगळी रूपं एकेक करून टाका. नुसती पहिली दोन अक्षरं टाकून पाहिलंत तर आणखी बरं.

आडनावाचा हट्ट सोडा. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, ते बहुधा नसतंच. ‘सखाराम वल्द गणपत’, पुढे जात आणि मौजा (गाव), एवढंच. वल्दनंतर बापाचं नाव येतं, जौजेनंतर नवऱ्याचं. जन्माच्या नोंदीत बाळाच्या नावाची जागा अनेकदा कोरी असते किंवा फक्त ‘मुलगा’ लिहिलेलं असतं, म्हणून शोध बापाच्या नावानं घ्या. आणि पहिलं बाळंतपण माहेरी! आजोळच्या गावाचं बुक न पाहता हार मानू नका.

तालुका आजचा धरू नका. नागपूर जिल्ह्यात नरखेडची गावं पूर्वी काटोल तहसिलीत होती, भिवापूरची उमरेडात, पारशिवनीची रामटेकात. वर्धा जिल्हा 1862 साली नागपुरातूनच वेगळा झाला. 1950 ते 1956 या काळातल्या कागदावर ‘मध्य प्रदेश’ दिसलं तर तो कागद दुसऱ्याच कुणाचा समजून बाजूला ठेवू नका; नागपूर तेव्हा त्या राज्याची राजधानी होतं.

सन बदलतानाही घोळ होतो. इसवी सन काढायला शालिवाहन शकात 78 मिळवा, पण पौष ते फाल्गुनातली तारीख जानेवारी ते मार्चमध्ये गेली की 79. फसली या जुन्या महसुली सनाचे दोन प्रकार आहेत: दक्षिणी असेल तर 590, उत्तरेकडची असेल तर 592. शंका असेल तेव्हा दोन्हीकडची दोन-दोन वर्षं चाळा.

स्कॅनच्या पीडीएफमध्ये कंट्रोल-एफ चालत नाही, तिथं पानंच उलटावी लागतात.

नाव सापडलं म्हणून लगेच वंशावळीत चढवू नका. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे एकाच मौजात दोन ‘गणपत वल्द सखाराम’ निघतात. अधिकार अभिलेखातली (जमिनीच्या हक्कांच्या नोंदीतली) जमीन आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर यांच्याशी ताडून बघा. शाळेतली 1 जुलै ही जन्मतारीख मात्र गुरुजींचा अंदाज असू शकते.

पान मिळालं की मौजा, तहसील, वर्ष, पान क्रमांक आणि अनुक्रमांक तिथल्या तिथं टिपून ठेवा. तहसिलीच्या अभिलेख कक्षात प्रमाणित नकलेचा अर्ज करताना नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.