आंधळा घोडा सांभाळताय? या चुका टाळा

आमच्या आश्रयस्थानातली एक म्हातारी घोडी दोन्ही डोळ्यांनी आंधळी आहे. गव्हाणीपासून हौदापर्यंत ती इतक्या ऐटीत जाते की नवख्या माणसाला पत्ता लागत नाही. एका दुपारी लीद भरायची हातगाडी मी तिच्या वाटेतच सोडली, म्हटलं, दोन मिनिटांत उचलतो. ती येऊन धडकली, गुडघा सोलवटला. जखम आठवड्यात भरली. त्या वाटेला मात्र ती पुढचे कितीतरी दिवस फिरकली नाही, पाणी बादलीने जागेवर नेऊन द्यावं लागलं.

म्हणून पहिली चूक हीच: वस्तू हलवणं. आंधळ्या घोड्याच्या डोक्यात सगळ्या जागेचा नकाशा असतो, पावलांचा, वासाचा, पायाखालच्या जमिनीचा. आपण हौद चार हात सरकवला की तो नकाशा खोटा पडतो. हलवायचंच असेल तर मोहरकी धरून त्याला नव्या जागेपाशी न्या, आणि एकाच बाजूने नव्हे, तीन-चार दिशांनी. हात घालून पाणी खळखळवा, हौदाच्या काठावर टकटक करा. मोठ्या घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. हौद सापडला नाही म्हणून पाणी कमी पडलं, तर पोटशूळ उठायला वेळ लागत नाही.

नवं कुरण दाखवतानाही घाई नको. आधी कुंपणाच्या कडेने दोन्ही दिशांनी चालवा, मगच मोकळं सोडा. कुंपण, झाडं आणि हौद यांच्याभोवती चार-पाच फुटांचा वाळूचा किंवा बारीक खडीचा पट्टा टाकला तर धडक बसायच्या आधीच खुरांना कळतं. काटेरी तार तर मुळीच नको. लोंबत्या फांद्या तोडताना घोड्याने मान वर केल्यावर डोकं कुठवर जातं तेही बघा. आपण आपल्या उंचीने मोजतो आणि फसतो.

दुसरी चूक गुपचूप जवळ जाण्याची. डोळस घोड्याला जवळजवळ ३५० अंशांचं दिसतं, त्याच्या नकळत येणं तसं अवघडच. दृष्टी गेली की ही राखण संपते. मग पाठीवर अचानक हात पडला आणि त्याने लाथ झाडली तर त्याला खोडकर म्हणू नका. लांबूनच बोलत या. बोललो म्हणजे झालं असं नाही. त्याचा कान तुमच्याकडे वळेपर्यंत थांबा. कान वळला की समजा, त्याने ओ दिली. मग खांद्यावर हात ठेवा आणि त्याच्याभोवती फिरताना तो उचलू नका. शब्द ठरलेले असू द्या: ‘थांब’, ‘मागे’, ‘पायरी’. सकाळचा माणूस एक म्हणतो, संध्याकाळचा दुसरंच, असं झालं तर घोडा बिचारा गोंधळणारच. नालबंदालाही हे आधी सांगा. विशेषतः पाय सोडून देऊ नका म्हणावं, जमिनीला टेकवूनच हात काढा.

सोबतीच्या घोड्याच्या गळ्यात घंटा बांधतात, ती कल्पना उत्तम. पण काही जण ती आंधळ्याच्याच गळ्यात बांधतात! त्याला स्वतःचाच आवाज दिवसभर ऐकू येतो आणि सोबती कुठे गेला ते कळत नाही. सोबती शांत स्वभावाचा निवडा. आंधळा घोडा वाळायला लागला तर जंत आणि दातांबरोबर खाण्याच्या वेळी कोण हुसकावतंय तेही बघा. आणि जोडी फारच घट्ट झाली तर अधूनमधून थोडा वेळ वेगळं ठेवायची सवय लावा, नाहीतर सोबती आजारी पडून हलवावा लागला त्या दिवशी हा सैरावैरा धावेल.

थोबाडावरचे राठ केस कापू नयेत. गव्हाणीची कड, भिंत, चारा, सगळं तो त्यांनीच चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून हे केस कापलेल्या घोड्यांना स्पर्धेत मनाई केली आहे, तीही डोळस घोड्यांसाठी.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो ‘आता दिसतच नाही, मग डोळ्यात कसली औषधं घालायची’ या बोलण्याचा. घोड्यांच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण म्हणजे डोळ्याच्या आतली पुन्हा पुन्हा उद्भवणारी सूज, युव्हिआयटिस. ती झटक्यांनी येते, म्हणून पूर्वी लोक तिचा संबंध चंद्राच्या कलांशी जोडत. नजर गेल्यावरही डोळा ठणकू शकतो. पापणी अर्धी मिटलेली, पाण्याची धार, आणि एक बारीक खूण: वरच्या पापणीचे केस नेहमीसारखे आडवे न राहता खाली झुकतात. हे दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. मागच्या वेळचे उरलेले स्टिरॉइडचे थेंब मात्र घालू नका. बुबुळावर जखम असेल तर त्यांनी ती चिघळते. दुखरा आंधळा डोळा काढून टाका असं डॉक्टर म्हणाले तर दचकू नका. ठणका थांबल्यावर घोडा पुन्हा खाऊ-फिरू लागतो.

रोजच्या वाटेवर शहाण्यासारखा चालणारा घोडा एखाद्या दिवशी उगाच अडखळायला, गोल गोल फिरायला लागला, तर आधी वारा बघा. जोराच्या वाऱ्यात घंटा, पावलं, हाका सगळं विरून जातं. अशा दिवशी आम्ही त्याला सोबत्यासह लवकरच आत घेतो आणि वारा पडेपर्यंत बाहेर काढत नाही.