ऑटोगायडर माउंटला जोडायचाय? आधी तार तपासा

चोपड्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर हातात तारच असते, तरी पहिल्यांदा ऑटोगायडर (ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची मोटारवाली बैठक, म्हणजे माउंट, नेमकी फिरवून घेणारा छोटा कॅमेरा) जोडला तेव्हा मी तारेतच चुकलो. घरात टेलिफोनची चार तारांची वायर पडली होती. तिच्या दोन्ही टोकांना जॅक दाबले आणि सगळं सामान घेऊन तोरणमाळ गाठलं. तिथं स्क्रीनवर आभाळातला तारा एका बाजूला सरके, पण उलट परत येईना. आभाळ इतकं स्वच्छ होतं, आणि एक फोटो मिळाला नाही.

कारण सकाळी उमगलं. एसटी-४ पोर्टला, म्हणजे ही केबल जिथं बसते त्या सॉकेटला, सहा पिना असतात: एक रिकामी, एक कॉमन आणि चार दिशांच्या चार. कॅमेरा हव्या त्या दिशेची पिन कॉमनला जोडतो आणि जोडलेली असेल तेवढा वेळ माउंट तिकडे सरकतो, स्टार्टरचं बटण दाबून धरल्यासारखं. म्हणजे पाच तारा लागतातच. चार तारांची वायर मधल्या चार पिनांवर बसते, आणि कडेच्या पिनेवरची आर.ए.ची (पूर्व-पश्चिम फिरण्याची) एक दिशा तुटते.

म्हणून सहा तारांचीच केबल घ्या. दोन्ही जॅक शेजारी शेजारी, क्लिप एकाच बाजूला ठेवून धरा. रंग त्याच क्रमाने दिसले पाहिजेत. टेलिफोनची वायर बहुधा उलटी असते. मल्टिमीटर बीपवर लावून एकेक पिन तपासा. पाच मिनिटांचं काम आहे. काही माउंटवर हँडसेटचं सॉकेटही याच मापाचं असतं, म्हणून बाजूला ऑटोगाइड लिहिलंय ना, ते वाचूनच जॅक घाला. चुकीच्या सॉकेटात गेला तर बोर्ड जळू शकतो.

पुढचं सोपं आहे. माउंटचा फिरण्याचा आस ध्रुवाच्या दिशेला लावा. आपल्या खान्देशात ध्रुवतारा साधारण २१ अंशांवर दिसतो, पण खरा ध्रुव त्याच्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब आहे, तेव्हा पोलर स्कोप (ध्रुव नेमका धरायची माउंटमधली छोटी दुर्बीण) वापरा. कॅमेऱ्याची यूएसबी लॅपटॉपला, एसटी-४ केबल कॅमेऱ्यातून माउंटला. पीएचडी-२ या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माउंटच्या जागी ‘ऑन-कॅमेरा’ निवडा. गाइड स्कोपचं, म्हणजे हा कॅमेरा ज्या छोट्या दुर्बिणीवर बसतो तिचं, फोकल लेंथ बरोबर भरा. माझ्या २०० मिमी स्कोपवर ३.७५ मायक्रॉनचा पिक्सेल आभाळाचे सुमारे ३.९ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) व्यापतो. माउंटचा गाइड रेट ०.५ ठेवा, म्हणजे तारे सरकतात त्याच्या निम्मा वेग, सेकंदाला ७.५ विकला.

आता मॅन्युअल गाइड उघडून चारही बटणं दाबा. ही परीक्षा घरच्या गच्चीवरच उरका. उत्तर-दक्षिण दाबलं की एरवी शांत असलेली डेक्लिनेशनची मोटार ऐकू येते. पूर्व-पश्चिमेला कानावर जाऊ नका. ती मोटार चालूच असते, फक्त वेग बदलतो. स्क्रीनवर तारा दोन्हीकडे सरकतो का ते बघा.

कॅलिब्रेशनला, म्हणजे कोणत्या इशाऱ्याला तारा किती आणि कुठे सरकतो हे सॉफ्टवेअरला शिकवायला, मृगाच्या पोटातला बाण मला फार आवडतो. त्यातला सगळ्यात आधी उगवणारा तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच आहे, आणि जानेवारीच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास तो याम्योत्तराजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ) येतो. ध्रुवाजवळ कॅलिब्रेशन करू नका, तिथं आर.ए. फिरली तरी तारा जेमतेम हलतो.

केबलला ढील ठेवून ती वेल्क्रोनं बांधा, मग क्लच सैल करून माउंट हातानं पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत फिरवा. थंडीत वायर कडक होते, म्हणून कुठे ओढ बसते ते फोटो काढायच्या जागीच, अंधारात पुन्हा एकदा चाचपून घ्या.